खोटी हिरवी खूण

आमच्या वन्सं चिडल्या की त्यांचा आवाज चढत नाही, उतरतो. लग्न होऊन या घरात आले तेव्हा पहिल्याच आठवड्यात मला हे कळलं. नळ दुरुस्त करायला आलेल्या माणसाने वायसर न बदलताच हात धुतले होते. वन्सं त्याच्याशी इतक्या हळू बोलल्या की ऐकू यावं म्हणून तो खाली वाकला, आणि वाकलेला असतानाच त्याने पाना उचलून पुन्हा काम सुरू केलं.

वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. त्यांनी लग्न केलं नाही. एका कंपनीत सॉफ्टवेअरचं काम करायच्या, चांगल्या हुद्द्यावर होत्या. सासऱ्यांना अर्धांगवायू झाला तेव्हा तिन्ही भावंडांनी त्यांच्याजवळ बसायच्या वेळा वाटून घेतल्या. सकाळ यांची, दुपार वन्संची आणि संध्याकाळ धाकट्या भावोजींची. एके दिवशी रक्तदाबाची गोळी यांनीही दिली आणि भावोजींनीही दिली. दोघांचं म्हणणं एकच होतं, "मला वाटलं, राहिलीय." सासऱ्यांनी उशीला टेकल्या टेकल्या मान टाकली. त्या दिवशी ते वाचले. पुढे गेले ते वेगळ्याच दुखण्याने. पण "मला वाटलं" हे दोन शब्द वन्संच्या डोक्यात खिळ्यासारखे रुतून बसले. घरात कोणी सहज म्हणालं, "मला वाटलं भाजी तू आणशील," तरी त्या ताटावरून उठायच्या.

त्या रागातूनच त्यांचं ॲप जन्माला आलं. नोकरी सोडून त्या मागच्या खोलीत बसल्या, जिथे सासऱ्यांची कॉट होती तिथेच. टेबलावर दोन चांगले फोन आणि जुन्या बाजारातून आणलेले पाच-सहा तडे गेलेले. "लोकांच्या हातात असेच असतात," त्या म्हणायच्या. ॲप साधं होतं. एका घरातल्या सगळ्यांच्या फोनवर एकच यादी. ज्याने गोळी दिली, कूस बदलली, पाणी पाजलं, त्याने "दिलं" किंवा "झालं" दाबायचं. तिथे हिरवी खूण उमटायची आणि ती सगळ्यांना दिसायची. म्हणजे कोणालाच काही "वाटायला" नको.

त्यांनी ॲपचं नाव ठेवलं होतं 'पाळी'. ज्याची त्याची पाळी, या अर्थाने. मी भीत भीत म्हटलं, "वन्सं, नाव जरा..."

"जरा काय? मराठी शब्द आहे, सोपा आहे, लहान आहे."

ॲप लोकांपर्यंत पोचलं आणि पहिल्याच रिव्ह्यूत एका बाईने विचारलं, "तारीख कुठे भरायची?" दुसरीने लिहिलं, "चार दिवस आधी आठवण करून देत नाही. उपयोग शून्य." एका गृहस्थाने नुसतंच "चुकून उघडलं, क्षमस्व" असं लिहून पाच स्टार दिले होते. मी पदर तोंडात कोंबला. वन्सं हसल्या नाहीत. म्हणाल्या, "बरोबर आहे त्यांचं. माझ्या डोक्यात काय होतं ते त्यांनी कशाला ओळखावं?" संध्याकाळपर्यंत ॲपचं नाव 'आळीपाळी' झालं होतं.

लोकांना मत विचारणं किती जिवावरचं काम असतं, हे मी त्यांच्याकडे बघून शिकले. कंपनीत त्यासाठी वेगळी माणसं असत. इथे सगळा एकहाती कारभार. ज्यांच्या घरी कोणी अंथरुणाला खिळलंय अशा ओळखीच्या सगळ्यांना त्यांनी ॲप दिलं आणि थोड्या दिवसांनी एकेकाला फोन लावायला बसल्या. मी एका शाळेचं ग्रंथालय सांभाळते. दुपारी घरी आले की मागच्या खोलीतलं बोलणं कानावर यायचं.

"कसं वाटलं?"

"छान आहे."

"काय छान आहे?"

"म्हणजे... सगळंच छान आहे की."

"कुठे अडलं का? वैताग आला का कशाचा?"

"छे छे! छानच आहे गं."

आत्याबाईंनी तर कळस केला. "खूप छान आहे हो," त्या म्हणाल्या, "फक्त उघडून बघायचं राहिलंय."

फोन आपटून वन्सं बाहेर आल्या. "छान म्हणजे काय, माहितीय तुला? छान म्हणजे 'आता फोन ठेव.' यांना वाटतं मी कौतुकाची भीक मागतेय. मला ठेच कुठे लागते ते हवंय! डॉक्टरकडे जाऊन कोणी सांगतं का, माझं पोट छान दुखतंय म्हणून?"

ओळखीचे लोक एका टोकाला, तर अनोळखी दुसऱ्या. "कचरा." "रंग बघून मळमळलं." एकाने एक स्टार देऊन लिहिलं होतं, "पार्सल अजून पोचलं नाही." वन्सं प्रत्येकाला उत्तर द्यायच्या. कचरावाल्याला त्यांनी लिहिलं, "ओला की सुका?" पार्सलवाल्याला लिहिलं, "दाराशी पुन्हा बघा, कदाचित अक्कल येऊन पडली असेल."

धाकट्या भावोजींनी ते वाचलं आणि धावतच आले. त्यांचा धंदा जाहिरातींचा. दुकानांच्या पाट्यांपासून फोनवरच्या चित्रांपर्यंत सगळं करतात. जिभेवर साखर. "ताई, अगं गिऱ्हाइकाशी कोणी असं भांडतं का? तू ॲप सांभाळ, लोकांना मी सांभाळतो." वन्सं खरोखरच वैतागल्या होत्या. त्यांनी उत्तरं द्यायचं काम भावोजींकडे सोपवलं. मला वाटतं, आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी एखादं काम दुसऱ्याच्या हाती दिलं होतं.

बघता बघता रेटिंग चढलं. ढिगाने पाच स्टार. वन्सं फोन घेऊन स्वयंपाकघरात आल्या, सासूबाईंना दाखवला, मला दाखवला. नंतर वाचायला बसल्या आणि त्यांच्या कपाळावर आठ्या पडायला लागल्या. कोणी लिहिलं होतं, "अप्रतिम! संपूर्ण कुटुंबाची पसंती!" कोणी लिहिलं होतं, "आमच्याकडे कोणी आजारी नाही, तरी रोज वापरतो!" हा दुसरा होता आमचा मावसभाऊ. भावोजींनी नात्यातल्या, ऑफिसातल्या, शाळेच्या मित्रांच्या सगळ्या ग्रुपवर हात जोडून निरोप धाडला होता.

"सुरुवातीला गाडीला धक्का मारावा लागतो, ताई," भावोजी म्हणाले. "एकदा सुरू झाली की धक्का मारणारे आपोआप मागे राहतात."

वन्सं कुरकुरल्या, पण त्या वेळी ॲपचं पुढचं काम चाललं होतं. ते तसंच राहिलं.

मग एका दुपारी घरचा फोन वाजला. ॲपच्या शेवटच्या पानावर वन्संनी हट्टाने आमच्या घरचा नंबर टाकला होता. तो आजवर कोणी फिरवला नव्हता. वन्सं न्हाणीघरात होत्या, म्हणून मी उचलला.

"कसलं प्रेम?" पलीकडून एक पुरुष ओरडला.

"कोण बोलतंय?"

"कसलं प्रेम, ते आधी सांगा! माझी बायको मरता मरता वाचली. मी तुम्हाला लिहून कळवलं. आणि तुम्ही मला लिहिता, 'आपल्या प्रेमाबद्दल मनापासून आभार, असेच सोबत राहा'? लाज आहे का? कोणाचं प्रेम? कोणाची सोबत?"

ओल्या केसांनी वन्सं बाहेर आल्या, माझा चेहरा बघून त्यांनी फोन काढून घेतला. बराच वेळ नुसतं ऐकत होत्या. शेवटी इतकंच म्हणाल्या, "पत्ता सांगा."

आम्ही दोघी बसने गेलो. वाटेत वन्संनी फोनवर त्या माणसाचा रिव्ह्यू शोधायला घेतला. "अप्रतिम", "बेस्ट", "सुपर", "अभिनंदन" यांच्या ढिगाखाली तो गाडला गेला होता. खूप खाली सापडला. एक स्टार, आणि दोन ओळी. "गोळी दोनदा दिली गेली. हिरवी खूण खोटी आहे." खाली भावोजींच्या हातचं उत्तर, शेवटी हात जोडल्याचं चित्र. वन्संनी ते मला दाखवलं आणि फोन पालथा मांडीवर ठेवला.

घर एका जुन्या इमारतीच्या तळमजल्यावर, मागच्या बाजूला होतं. बोळात सायकली एकमेकींवर रेललेल्या, आणि सगळीकडे फिनेलचा वास. दार उघडलं ते फोनवरच्या माणसानेच. बसमधले निवृत्त कंडक्टर. हालत्या बसमध्ये उभं राहायची सवय अंगात मुरलेली, त्यामुळे घरातही पाय फाकवून उभे. त्यांना सगळे कंडक्टरकाकाच म्हणत असावेत, आम्हीही पुढे तेच म्हणायला लागलो.

"तुम्हीच का त्या प्रेमवाल्या?"

"ॲप मी बनवलंय," वन्सं म्हणाल्या. "चूक कुठे झाली ते बघायला आलेय."

"चूक कुठे झाली? अहो, हॉस्पिटलात झाली! शुगर इतकी उतरली की ती मला ओळखेना. डॉक्टर विचारतात, गोळी किती वेळा दिली? मी म्हणतो, एकदा. पोरगी म्हणते, मीही दिली. मी म्हणतो, तू दाबलं नाहीस. ती म्हणते, दाबलं. हॉस्पिटलच्या जिन्यात, चार लोकांसमोर, मी माझ्या पोरीला खोटारडी म्हणालो. तुमच्या या डबड्यापायी!"

त्यांची मुलगी आतल्या दारात येऊन उभी राहिली. लाँड्रीत इस्त्रीचं काम करायची. मनगटावर भाजल्याचे जुने डाग. "आणि मी यांना म्हटलं, तुमचे डोळे गेलेत," ती म्हणाली. "तेव्हापासून आम्ही मीठ हवं असलं तरी आईकरवी मागतो."

आई कॉटवर होत्या. एक बाजू लुळी पडलेली, डोळे मात्र लख्ख. त्या काहीतरी बोलायला गेल्या. "मी... मी त्या..."

"तू पड," काका म्हणाले. "बोलू नकोस, दमशील."

वन्संनी पिशवीतून दोन फोन काढले. एकावर "दिलं" दाबलं. झटकन हिरवी खूण उमटली. दुसऱ्यावर "बाकी" होतं. आम्ही थांबलो. ते "बाकी"च राहिलं. मागच्या त्या खोलीत फोनला रेंजच नव्हती. वन्संनी पहिल्या फोनवरचं ॲप बंद केलं आणि दोन्ही फोन घेऊन बोळ ओलांडून रस्त्यावर गेल्या, आम्ही मागोमाग. तिथे रेंज होती. तरीही दुसऱ्या फोनवर "बाकी". पहिल्या फोनवर ॲप पुन्हा उघडलं, तेव्हा कुठे निरोप सुटला. आम्ही परत खोलीत आलो. मुलीने गोळी दिली होती, बटण दाबलं होतं, हिरवी खूण बघितली होती आणि फोन पिशवीत टाकून कामावर गेली होती. खूण तिच्या पिशवीतच अडकून पडली होती.

"माझ्या टेबलावर रेंज नेहमीच असते," वन्संचा आवाज अगदी खाली गेला होता. "ॲप खोटं बोललं. तुमची मुलगी खोटं बोलली नाही, आणि तुम्हीही नाही."

काकांनी मुलीकडे बोट केलं. "हे मला कशाला सांगता? तिला सांगा."

मुलगी आत निघून गेली. थोड्या वेळाने आतून भांडी आपटल्याचा आवाज यायला लागला, आणि बराच वेळ येत राहिला.

त्या संध्याकाळी आमच्या घरी जे झालं, तसं मी त्याआधी कधी बघितलं नव्हतं. भावोजी सोफ्यावर बसले होते. वन्संनी रिव्ह्यू त्यांच्यासमोर धरला.

"हे वाचलं होतंस?"

भावोजींनी वाचलं. "ताई, रोज इतके येतात... एक स्टारवाल्यांना एकच उत्तर जातं, ते आपोआप जातं. मला वाटलं..."

तिथेच ते थांबले. घरातले आम्ही सगळेच थांबलो.

"बोल ना," वन्सं म्हणाल्या. "काय वाटलं?"

"मी तुझ्या भल्यासाठीच केलं!"

"माझ्या भल्यासाठी? एक माणूस जिवाच्या आकांताने ओरडत होता, आणि तू त्याच्या तोंडावर शंभर माणसांना टाळ्या वाजवायला लावल्यास! मला त्याचं ओरडणं ऐकूच आलं नाही. दुखणं म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला! रेटिंगला काय झालं होतं? मरायला टेकली होती ती बाई!"

"जाऊ दे आता," माझे यजमान मधे पडले. "झालं गेलं..."

"तू तर बोलूच नकोस."

सासूबाई जपमाळ ओढावी तशा शेंगा सोलत होत्या. त्या म्हणाल्या, "घरच्यांनी चार शब्द चांगले लिहिले तर बिघडलं कुठे? परके तर नावंच ठेवतात."

वन्सं त्यांच्याकडे वळल्या आणि मला वाटलं, आता आईवरही कडाडणार. पण त्या फक्त म्हणाल्या, "आई, नावं ठेवणाऱ्यानेच खरं सांगितलं." मग भावोजींना म्हणाल्या, "ज्यांच्या घरी आजारी माणूस नाही, त्या प्रत्येकाला सांग, लिहिलेलं पुसा. तू सांगणार नसशील तर मी एकेकाला फोन करेन, आणि मी कशी बोलते ते तुला माहितीय."

"ताई, स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतेयस."

"माझा पाय आहे."

भावोजी उठून गेले ते बरेच महिने आमच्या घरी फिरकले नाहीत. वन्संनी उत्तरांचं काम स्वतःकडे घेतलं, आणि नातेवाइकांना खरोखरच एकेक करून फोन लावले. लोकांना राग आला. "चांगलं करायला गेलो तर हे फळ!" आत्याबाईंनी तर, जे ॲप त्यांनी कधी उघडलंच नव्हतं, ते रागाने काढून टाकलं. रेटिंग धाडकन खाली आलं. त्याच दिवशी ॲप उघडताच मोठ्या अक्षरांत दिसेल असं वन्संनी लिहिलं, "रेंज नसेल तिथे हिरवी खूण खरी मानू नका. चूक माझी आहे, तुमच्या घरच्यांची नाही." त्या शेवटच्या तीन शब्दांवर त्यांचा फार जीव होता.

मग दुरुस्ती. निरोप पोचेपर्यंत खूण करडी राहील, आणि पोचला की हिरवी होईल, असं त्यांनी केलं. आणि ते दाखवायला आम्ही पुन्हा कंडक्टरकाकांकडे गेलो. राग वन्संच्या अंगात अजून तसाच होता. आता तो बराचसा स्वतःवर होता, इतकंच.

काका फोन डोळ्यांजवळ नेऊन बघत होते. "मला दोन्ही सारख्याच दिसतात."

"करडी आणि हिरवी?" मुलगी म्हणाली. "मग आवाज ठेवा. टुण असा."

"आणि ही झोपली असेल तर?"

बापलेक भांडायला लागले. खूण लाल करा, खूण मोठी करा, खूणच नको. वन्सं मधे पडल्या, त्याही भांडायला लागल्या. तिघांचे आवाज एकमेकांत मिसळले, आणि तेवढ्यात कॉटवर काहीतरी आपटलं. काकूंनी चांगल्या हाताने पाण्याचा स्टीलचा पेला कॉटच्या लोखंडी कडेवर मारला होता.

"मला..." काकू म्हणाल्या.

"काय गं, पाणी हवं?"

"नको! मला... वि... विचारा!"

काका त्यांच्याकडे बघतच राहिले. काकूंच्या तोंडातून शब्द सुटायला वेळ लागायचा. एकेक शब्द ओढून आणावा लागायचा, आणि तो येईपर्यंत थांबायला त्या घरात कोणालाच सवड नसायची. त्या दिवशी आम्ही थांबलो.

"त्या दिवशी... मी सांगितलं. घेतली. पोरीने... दिली. तुम्ही म्हणालात... फोनवर नाही." त्यांनी श्वास घेतला. डोळ्यांत पाणी होतं, पण ते रडणं नव्हतं, संताप होता. "फोन... खरा. मी... खोटी?"

"तुला कधीकधी आठवत नाही गं," काका पुटपुटले.

"कधी... कधी!" काकूंनी पेला पुन्हा आपटला. "मी मेलेय का?"

वन्सं खाली बसल्या, कॉटच्या पायथ्याशी, जमिनीवरच. ॲप बनवायला लागल्यापासून त्यांनी किती माणसांना विचारलं असेल! मुलांना, सुनांना, नर्सना, शेजाऱ्यांना. आजारी माणसाला एकदाही नाही. आमच्या सासऱ्यांना शेवटपर्यंत बोलता येत होतं. अडखळत, पण येत होतं. त्या दिवशी दुसरी गोळी पुढे आली तेव्हा ते काही म्हणाले होते का, हे आमच्या घरात आजवर कोणाच्या मनातही आलं नव्हतं. मी वन्संकडे बघितलं आणि मला कळलं, त्या क्षणी त्यांच्या मनात तेच आलं होतं.

"काकू," त्या म्हणाल्या, "तुम्ही सांगा. मी थांबते."

त्या दुपारी काकूंनी पुष्कळ सांगितलं. कूस कोणी कशी बदलतं, कोणाचे हात गार असतात, पाणी विचारल्याशिवाय तोंडाला लावलं की ठसका लागतो. मधेच त्यांनी काकांना आणि मुलीला समोरासमोर बसवलं आणि म्हणाल्या, "आता मीठ... मी नाही मागणार." दोघंही ओशाळले. त्यानंतर त्या घरात बोलणं सुरू झालं. बोलणं म्हणजे भांडणच, पण थेट.

नव्या ॲपमध्ये वन्संनी एक गोष्ट घातली. "दिलं" दाबण्याआधी, आणि "बाकी" दिसत असलं तरी, एक प्रश्न समोर येतो, "त्यांना विचारलंत का?" उत्तर दिल्याशिवाय पुढे जाताच येत नाही. ज्यांना बोलता येत नाही त्यांच्यासाठी डोळे मिटून, हात दाबून उत्तर द्यायची सोय, तीही नोंदवायची.

लोक खवळले. "दरवेळी तोच प्रश्न, डोकं उठतं." "आमच्या आजोबांना काही कळत नाही, त्यांना काय विचारायचं?" "एक बटण जास्त, एक स्टार कमी." जे वन्संना सुरुवातीपासून हवं होतं ते आता पोत्याने मिळत होतं. कुठे अडतं, कुठे वैताग येतो, अगदी स्पष्ट. आणि त्यांना ते मान्य नव्हतं! त्या खोलीत येरझाऱ्या घालायच्या.

"लोकांचं ऐकायचं म्हणून तुम्ही एवढं भांडलात," मी म्हटलं. "आता लोक सांगतायत की प्रश्न काढा."

"हे लोक कोण? ज्यांच्या हातात फोन आहे ते. ज्याच्या तोंडात गोळी जाते तो लिहितो का रिव्ह्यू?" बाकी सगळं त्यांनी ऐकलं. अक्षरं मोठी केली, खुणेऐवजी "पोचलं" आणि "पोचलं नाही" असे शब्द टाकले, काकांना वाचता येतील एवढे. प्रश्न मात्र ठेवला. त्यापायी कित्येक घरांनी ॲप सोडलं.

अशात एका एजन्सीचं बोलावणं आलं. घरोघरी आजाऱ्यांजवळ बसायला माणसं पुरवणारी मोठी एजन्सी. त्यांना 'आळीपाळी' त्यांच्या सगळ्या माणसांच्या फोनवर हवं होतं. वन्संनी इस्त्रीची साडी नेसली, मला सोबत घेतलं. काचेच्या दारांचं ऑफिस, हवा इतकी गार की बोटं आखडली. व्यवस्थापक नम्र होता. कौतुक झालं, सरबत झालं. मग तो म्हणाला, "फक्त तो प्रश्न काढावा लागेल, मॅडम."

"का?"

"आमच्या माणसांना वेळ नसतो. एका घरातून दुसऱ्या घरात पळायचं असतं. शिवाय पेशंटने 'नाही घेतली' म्हटलं आणि नोंद 'घेतली' असेल, तर वाद होतो. वाद आमच्या अंगाशी येतो."

"म्हणजे पेशंटने गप्प बसावं."

"तसं नाही हो. आम्ही पाहणी केली. नव्वद टक्के लोकांना तो प्रश्न नको आहे."

"कोणत्या लोकांना विचारलंत?"

"आमच्या कर्मचाऱ्यांना. आणि घरच्यांना."

"पेशंटला?"

तो हसला. तो खरंच मनापासून हसला, जणू वन्संनी विनोद केला होता. "मॅडम, पेशंट कुठे ॲप वापरतो?"

वन्संचा आवाज उतरला. मी खुर्चीची कड घट्ट धरली. त्या बोलायला लागल्या आणि तो माणूस नकळत पुढे वाकला, त्या नळवाल्यासारखा. काय बोलल्या ते सगळं इथे सांगण्यासारखं नाही. शेवट एवढा होता, "तुम्हीही एक दिवस आडवे व्हाल. तेव्हा तुमच्या तोंडाशी चमचा धरून कोणीतरी फोनमध्ये बघत असेल. त्या दिवशी माझी आठवण काढा." सरबताचा ग्लास तसाच ठेवून त्या उठल्या.

जिन्यात त्या मधल्याच पायरीवर थांबल्या. "चुकलं का माझं?" त्यांनी विचारलं. त्यांनी कोणाला असं विचारलेलं मी कधी ऐकलं नव्हतं.

"मला माहीत नाही," मी खरं तेच सांगितलं. "पण मी आजारी पडले तर तुम्ही जवळ असाव्यात."

पुढे त्यांनी सकाळच्या वेळी एका कॉलेजात शिकवायचं काम धरलं आणि दुपारी ॲप सुरू ठेवलं. ते आजही आहे. फार मोठं झालं नाही, बंदही पडलं नाही. भावोजी हल्ली अधूनमधून येतात. दोघं एकमेकांशी जपून बोलतात, आणि ॲपचा विषय कोणी काढत नाही. त्या एजन्सीने दुसरं कोणाचं तरी ॲप घेतलं. पण तिथल्या काही बायका आपल्या स्वतःच्या फोनवर 'आळीपाळी' वापरतात, चोरून, असं आम्हाला नंतर कळलं. त्यातल्याच एकीने मागच्या आठवड्यात घरच्या नंबरवर फोन केला होता. ती म्हणाली, प्रश्न ठीक आहे, पण पेशंटचं उत्तर ऐकेपर्यंत पडदा काळा होतो आणि सगळं पहिल्यापासून करावं लागतं, हे बनवणाऱ्याला कधी कोणाजवळ बसायची वेळ आली होती की नाही?

"आली होती," वन्संनी सांगितलं. मग खुर्ची ओढून बसत म्हणाल्या, "तुम्ही पूर्ण ओरडून घ्या आधी. माझं ऐकणं चालू आहे."